इंजिन जोडण्याआधी बुचं मोजा
(मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेली मांडणी, पनवेल)



अवजार बँकेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनचं काम काढायचं ठरलं आहे. चिखलणीआधी तो शेतात उतरायला हवा. भाडं थांबलं तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. या वेळी गॅरेजमध्ये आपल्याच दोन ताई जाणार आहेत. मी समाजकार्य शिकले, मेकॅनिक नाही. पण मिस्त्रींना विचारून आणि इंजिनचं पुस्तक वाचून जे समजलं, ते तुमच्यापुढे मांडते.

पिस्टन, लायनर, बेअरिंग यांचं बिल आपण बारकाईने बघतो. ऑईल गॅलरीच्या प्लगकडे, म्हणजे साध्या भाषेत बुचाकडे, कुणाचं लक्ष जात नाही.

गॅलरी म्हणजे काय? गावची नळयोजना डोळ्यांपुढे आणा. पंप पाणी चढवतो, मुख्य पाइपातून ते जातं, त्यातून घरोघरी फाटे फुटतात. इंजिनातही तसंच आहे. पंप खालच्या चेंबरमधलं ऑईल ओढतो, ते फिल्टरमधून गॅलरीत येतं आणि तिथून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. ही गॅलरी कारखान्यात ब्लॉकला बाहेरून ड्रिल मारून करतात, त्यामुळे तिची तोंडं उघडी राहतात. ती बुचांनी बंद करतात. मुख्य पाइपाच्या टोकाची टोपी निघाली तर शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही. बूच निसटलं की बेअरिंगची तीच गत होते.

बाहेरचं बूच गळलं तर जमिनीवर डाग दिसतो. पण काही बुचं टायमिंग कव्हरच्या आत असतात. त्यातलं एखादं राहून गेलं तर तेल परत चेंबरमध्येच पडतं. जमिनीवर थेंब नाही, काडीवर पातळी बरोबर, आणि तरी प्रेशर कमी. बेअरिंग घासून इंजिन खडखडायला लागेपर्यंत कळतच नाही. मग पुन्हा सगळं खोला, पुन्हा खर्च.

समूहाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. गॅरेजमध्ये जाताना ही दुसरी पंचसूत्री लक्षात ठेवा.

१. काढा आणि मोजा. बुचं काढल्याशिवाय गॅलरी आतून साफ होत नाही. कुठून किती निघाली ते वहीत लिहा, मोबाईलवर फोटो घ्या. काही इंजिनांत एखाद्या बुचाला मुद्दाम बारीक भोक ठेवलेलं असतं, टायमिंगच्या भागाला तेल मिळावं म्हणून. तिथे भोक नसलेलं बूच चालणार नाही. म्हणून जुनी बुचं फेकू देऊ नका.

२. धुऊन दाखवा म्हणा. बोअरिंग झालं असेल तर लोखंडाचा बारीक कीस गॅलरीत बसतो. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा लांब ब्रश, डिझेल आणि शेवटी हवेचा दाब, हे दोन्ही तोंडांकडून व्हायला हवं. पांढरं फडकं फिरवून बघा, काळं निघालं तर पुन्हा धुवा. क्रँकमधली तेलाची भोकंही अशीच धुवायची.

३. तसंच बूच घ्या. कंपनीच्या पार्ट नंबरप्रमाणे मागा. बुचं मुख्यतः दोन प्रकारची असतात, आट्यांची आणि ठोकून बसवायची, वाटीसारखी. वाटीचं बूच एकदा काढलं की नवंच घालायचं. आट्यांचं बूच जुन्याच मापाचं आणि लांबीचं हवं. जास्त आत गेलं तर फाट्याचं तोंड झाकतं. वॉशर असेल तर तोही नवा. कळंबोली-पनवेलला सुटे भाग मिळतात, 'हेच चालवून घेऊ' म्हणायची गरज नाही.

४. बेताने बसवा. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप इथे नको, तिचा तुकडा सुटून तेलाची वाट अडवू शकतो. आटे साफ करून, तेलाला टिकणारं सीलंट थोडंसंच लावायचं. निमुळत्या आट्यांचं बूच जोर लावून आवळलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो, म्हणून पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायचं. वाटीचं बूच बरोबर मापाच्या ठोकणीने सरळ बसवायचं, तिरकं नाही.

५. सुरू करण्याआधी प्रेशर बघा. नवं ऑईल आणि नवा फिल्टर घातल्यावर स्टॉप ओढून ठेवा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मग स्टार्टर थोडा थोडा वेळ थांबून थांबून फिरवा. प्रेशर दिसलं की मगच चालू करा. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा प्रेशर आणि गळती तपासा.

यातलं एकही काम आपल्या हाताने करायचं नाही. ते मिस्त्रींचं काम आहे आणि चांगला मिस्त्री हे सगळं करतोच. पण मालक आपण आहोत. 'ताई, तुम्हाला यातलं काय कळणार?' असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. वही उघडा आणि शांतपणे विचारा, 'दादा, किती बुचं काढली आणि किती बसवली?' दोन आकडे जुळले नाहीत तर कव्हर लावू देऊ नका.

माझी सूचना अशी, की आजच्या इतिवृत्तात ठराव घ्यावा: कव्हर लावण्याआधी दोन ताईंनी बुचं मोजायची, फोटो काढायचे, आणि शेवटची रक्कम प्रेशर बघितल्यावर पक्क्या बिलावरच द्यायची. हा पैसा महिन्या-महिन्याच्या बचतीतून उभा राहिला आहे. तो खर्च होताना आपण तिथे हजर असायला हवं.