व्यक्तिचित्रांवरून ऐतिहासिक वेशभूषा



गोव्यातील जत्रोत्सवांत ऐतिहासिक नाटके हौसेने होतात. पात्रांचा वेश कशाच्या आधारे शिवावा, हा प्रश्न नाट्यमंडळांना आणि शाळांना नेहमीच पडतो. जुने व्यक्तिचित्र हा उत्तम आधार होय. मात्र त्याची साक्ष पारखून घेणे आवश्यक असते.

याचे बोलके उदाहरण गोव्यातच आहे. १५४७ साली गव्हर्नर जुआंव द काश्त्रू यांनी आपल्या पूर्वीच्या अधिकाऱ्यांची पूर्णाकृती चित्रे करविली. देखरेख इतिहासलेखक गाश्पार कोर्रैया यांची होती आणि कुंचला एका स्थानिक चित्रकाराचा. पुढे प्रत्येक अधिकाऱ्याचे चित्र लावण्याची प्रथा पडली. यांतील बहुतेक चित्रे जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयाच्या संग्रही आहेत. परंतु दमट हवेने खराब झालेली चित्रे वेळोवेळी पुन्हा रंगविली गेली. क्ष-किरण तपासणीत वरच्या रंगाखाली जुने रंगकाम दडलेले आढळले. म्हणजे चित्रातील अंगरखा त्या व्यक्तीच्या काळचाच असेल, अशी खात्री देता येत नाही. गळ्याभोवतीची मोठी चुणीदार झालर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. १५४७ पूर्वीच्या पात्राला ती शोभणार नाही.

दुसरी अडचण अशी की, चित्र समोरची बाजू दाखविते. पाठ आणि शिवण दाखवीत नाही. त्यासाठी टिकून राहिलेले जुने कपडे पाहावे लागतात. इंग्लंडमधील जॅनेट अर्नोल्ड यांनी अशा कपड्यांची मापे घेऊन आणि ती चित्रांशी ताडून बेतणीचे आराखडे तयार केले. १५६० ते १६२० या काळाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष कामात प्रथम बाहुलीच्या मापाचा वेश करावा. एकास सहा हे प्रमाण सोयीचे असते. १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाची बाहुली २८ सेंटिमीटरची होते आणि १२ मिलिमीटरचे बटण २ मिलिमीटरचे. कापडाची जाडी मात्र प्रमाणात घटत नाही. म्हणून मखमलीऐवजी मऊ, पातळ मलमल घ्यावी, टाके बारीक घालावेत आणि चुण्या कमी कराव्यात. बेतणीतील चूक येथे चिंधीभर कापडात उमगते.

त्यानंतर पूर्ण मापाचा वेश मांजरपाटावर बेतून धावदोऱ्याने जोडावा. नटाला हात उचलून, बसून, वाकून पाहू द्यावे. काखेत व खांद्यावर ओढ बसल्यास तेथे दुरुस्ती करावी आणि मगच भारी कापडाला कात्री लावावी. दिव्यांच्या उष्णतेत वेश तासन्तास अंगावर राहतो. म्हणून अस्तर सुती असावे.

शाळेत असे वेश मांडताना सोबत एक चिठ्ठी अवश्य लावावी. कोणता भाग चित्रातून घेतला, कोणता जुन्या कपड्यावरून आणि कोणता तर्काने, हे तीत स्पष्ट लिहावे. मुले डोळ्यांनी पाहिलेले सहसा विसरत नाहीत. म्हणून त्यांच्यासमोर तर्क हा तर्क म्हणूनच ठेवणे, हे इतिहास शिकविणाऱ्याचे कर्तव्य होय.