जुन्या खुर्चीची जाळी

नवीन पनवेलमध्ये कोणी घर बदललं की जिन्याखाली आधी येऊन पडते ती वेताची खुर्ची. जाळी फाटलेली, सांगाडा मात्र खणखणीत. आमच्या गटाने या खुर्च्या विणायचं काम धरलंय. काही गटांनी विचारलं, आम्हाला जमेल का? म्हणून आज वेताविषयी बोलतो.

वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू हे गवत, आतून पोकळ. वेत ताडा-माडाच्या कुळातला, पण काट्यांच्या आधाराने झाडांवर चढणारा वेल. त्याची काठी भरीव असते, म्हणून आच दिली की न मोडता वाकते. सालीच्या चिवट पट्ट्यांची जाळी होते, गाभ्याच्या टोपल्या.

आंबोलीकडच्या ओल्या रानात वेत आहे, पण बाजारातला बराचसा ईशान्य भारतातून आणि परदेशातून येतो. इंडोनेशियाने २०१२ पासून कच्चा वेत बाहेर पाठवणं बंद केलं. माल महाग आहे, म्हणून वाया घालवून चालत नाही.

आणि रानातून मोळी आणू म्हणाल, तर थांबा. भारतीय वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून २०१७ साली बांबू वगळला, त्यामुळे शेतातल्या बांबूला मोकळीक मिळाली. वेत त्या व्याख्येत राहिला. मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात वेत गौण वनोपज आहे. ज्या पाड्यांना वनहक्क मिळालेत, त्या भगिनींनी आपल्या ग्रामसभेत हा विषय जरूर काढावा.

आता विणकाम. पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवायची, कोरडी ओढली तर तुटते. चौकटीच्या भोकांतून आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, ही शेवटची आडवी खालून-वरून गुंफत. नंतर दोन्ही बाजूंनी तिरपी. तेव्हा कुठे ते अष्टकोनी डोळे उमटतात. सगळं बोटांच्या अंदाजावर चालतं. अंध व्यक्तींच्या संस्थांत हे काम कित्येक वर्षं शिकवतात, ते उगीच नाही.

मजुरी खुर्चीवर ठरवू नका, भोकं मोजून ठरवा. दोन खुर्च्या सारख्या दिसतात, पण बारीक जाळीला दुप्पट वेळ जातो, आणि तो वेळ आपल्या बायका हिशेबात धरतच नाहीत! पट्टीचे पैसे आगाऊ घ्या. दुकानदार 'वेतच आहे' म्हणत प्लास्टिक देईल. खऱ्या पट्टीवर ठरावीक अंतराने पेराची खूण असते, बोट फिरवून बघा.

जाळी फाटली नसेल, नुसती सैल पडली असेल, तर विणायची गरजच नाही. खुर्ची उलटी करून खालून कोमट पाण्याचं फडकं फिरवा आणि रात्रभर वाऱ्यावर ठेवा. सुकताना ती आपोआप ताणते. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ती बाई पुढच्या वेळी शेजारणीची खुर्ची घेऊन येते.