मुलीसाठी रायफल घेताना

आपल्या वसई-विरारकडच्या जत्रेत फुगे फोडता फोडता एखाद्या मुलीचा नेम नेमका लागतो आणि ती म्हणते, "आई, मला रायफल घेऊन दे!" मग मागायचं काय?

सेमी-ऑटोमॅटिक नको. तिच्यात चाप ओढला की पुढची गोळी आपोआप भरते. आपल्या देशात सामान्य माणसाला ती सहसा मिळतही नाही. नळी वाकवून एकेक छर्रा भरायची स्प्रिंगची एअर रायफल स्वस्त पडते. दर छर्‍याला थांबावं लागतं, श्वास सांभाळावा लागतो. नेम त्यातूनच बसतो.

छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि जोर २० ज्यूलपर्यंत असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. हे दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या. ओळखपत्र न्या. मुलीलाही न्या, वजन पेलतंय का बघा.

मात्र बचतगटातून कर्ज काढायची घाई नको. आधी काही महिने क्लबच्या रायफलवर शिकू द्या. गोडी टिकली तर पैसे सार्थकी लागतील.

छर्‍याने डोळा जाऊ शकतो. म्हणून चष्मा हवा, निशाण्यामागे भक्कम भिंत हवी, घरी रायफल कुलपात हवी. पाखरांवर नेम धरायचा नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये रायफल नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या. आपल्या पोरींनाही शिकू द्या, पण शिस्तीत.