भेकर किती वाजता येतं?



संयोजकांनी मला सुचवलं होतं की तू एआयवर बोल, पुढे मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार ते सांग. मी म्हटलं, त्यावर ऑफिसात आठवड्यातून तीनदा बोलावं लागतं, आज शाळेत तरी नको. मिळालेली पंधरा-वीस मिनिटं मी खूर असलेल्या प्राण्यांवर घालवणार आहे. हसू नका. याला जबाबदार आपल्या जीवशास्त्राच्या बाई आहेत आणि त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

समखुरी आणि विषमखुरी यांतला फरक बाईंनी विचारला तेव्हा मी गाईला विषमखुरीत बसवलं होतं. बाई म्हणाल्या, "डोंबिवली स्टेशनबाहेर रोज गाई बसतात, जाता जाता पाय तरी बघ." दहावीला तीस वर्षं झाली. पाय बघायला मी अगदी अलीकडे लागले.

झालं असं, आपल्या वर्गातल्या एकाची मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला थोडी जमीन आहे. (नाव घेतलं तर पुढच्या रविवारी तुम्ही सगळे तिथे पोचाल, म्हणून घेत नाही.) वरच्या अंगाला भीमाशंकर अभयारण्याचं जंगल. हे अभयारण्य १९८५ सालचं. आपण ते पुण्याचं समजतो, पण त्याचा काही भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातही येतो. त्याच्या बांधावर रात्री कोण येतं ते बघायला आम्ही एक कॅमेरा ट्रॅप बांधला. समोरून उबदार अंगाचं काही हललं की हा फोटो काढतो आणि त्यावर तारीख-वेळ छापतो. दिवसा फोटो रंगीत येतो, अंधारात इन्फ्रारेडवर काळा-पांढरा.

चार महिन्यांचे फोटो जमले. मी इंजिनियर, त्यामुळे फोटो बघत बसण्याऐवजी प्रोग्रॅम लिहिला. फाइलमधली वेळ वाचायची आणि कुठला प्राणी किती वाजता येतो त्याचा आलेख काढायचा. आलेख आला. भेकराचे दोन उंचवटे, एक भर दुपारी बाराला आणि दुसरा मध्यरात्री. मला फार आनंद झाला. पुस्तकात वाचलं होतं की भेकर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतं, आणि माझं भेकर वेगळंच वागत होतं. वाटलं, काहीतरी सापडलं. मी दोन-तीन जणांना फोनसुद्धा केले.

शेत राखणारे ठाकर काका आहेत, त्यांना लॅपटॉपवर दाखवलं. ते म्हणाले, "ताई, भर दुपारचं भेकर कशाला हिंडेल? जाळीत बसून रवंथ करत असतंय ते." मी त्यांना आलेख समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. रात्री घरी येऊन पहिल्यांदाच मूळ फोटो उघडला. प्रोग्रॅम म्हणत होता रात्रीचे साडेअकरा, आणि फोटो रंगीत होता, पानांवर ऊन होतं.

कॅमेरा आपल्या भारतीय वेळेनेच वेळ लिहीत होता. माझ्या प्रोग्रॅमने ती ग्रिनिचची वेळ समजून तिच्यात साडेपाच तास मिळवले होते. सकाळी साडेसहाचं भेकर दुपारी बाराला जाऊन बसलं आणि संध्याकाळी साडेसहाचं मध्यरात्री. बावीस वर्षं मी लोकांच्या प्रोग्रॅममधली नेमकी हीच चूक पकडून पगार घेते आहे. असो.

या फजितीमुळे एक झालं, वेळेकडे लक्ष गेलं. तोवर मला वाटायचं जंगल म्हणजे जागा. इतके चौरस किलोमीटर, त्यात इतके प्राणी. पण ती जागा चोवीस तास वापरली जाते आणि आळीपाळीने वापरली जाते.

आपल्या सगळ्यांना हे कळायला सोपं आहे, कारण आपण मध्य रेल्वेवर वाढलो. रूळ तेच. त्यांच्यावर सकाळी ऑफिसवाल्यांच्या लोकल, दुपारी रिकाम्या डब्यात भाजीच्या पाट्या, मधे मेल गाड्या, रात्री उशिरा मालगाड्या. शिवाय एकाच गाडीत लेडीज डबा वेगळा आणि सामानाचा वेगळा. कोणी कोणावर उपकार म्हणून हे करत नाही. नाही केलं तर चालणारच नाही, म्हणून ते तसं बसलं आहे.

डोंगरातल्या खूरवाल्यांचंही असंच. आपल्या येऊरचं घ्या. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. अख्खं उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, चहूकडून शहर. तिथे चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, पिसोरी आहे, रानडुक्कर आहे. सगळे समखुरी, बाई, यावेळी पाय बघितले आहेत. डुक्कर सोडून सगळे रवंथ करणारे. मग एकाच डोंगरात भांडणं का होत नाहीत?

पहिली वाटणी पोटाची. मोठ्या प्राण्याचं पोट मोठं, त्यात जाडंभरडं गवत, बांबू बराच वेळ आंबत ठेवता येतं. राधानगरीच्या जंगलातला गवा हे त्याचं टोक, त्याला रोज ढीगभर लागतं पण फार निवडत बसावं लागत नाही. लहान प्राण्याच्या पोटात एवढी जागा नसते. त्याला थोडं पण सकस हवं, कोवळा पाला, गळलेली फळं, फुलं. पिसोरी तर तीनेक किलोची, सशाएवढी. तिला शिंगं नाहीत, नराला वरचे सुळे असतात, आणि पोटाला इतर हरणांसारखे चार नव्हे, तीनच कप्पे. ती उंबराखालची फळं वेचते. भेकर वीस-पंचवीस किलोचं, तेही निवडून खाणारं. चितळाला गवत प्रिय, वर झाडावर वानरं असली की त्यांनी पाडलेला पालाही ते खातं. सांबर गवतही खातं, झाडपालाही खातं.

दुसरी वाटणी जागेची. चितळ कळपाने, सपाटीला, रानाच्या कडेला, जिथे लांबवर दिसतं. सांबर चढावर, दाट झाडीत, एकटं किंवा दोघं-तिघं. भेकर जाळीत एकटं. पिसोरी पालापाचोळ्यात, दिवसा एखाद्या झाडाच्या ढोलीत.

आणि तिसरी वेळेची. चितळ मुख्यतः दिवसाचं, सकाळ-संध्याकाळ जास्त. भेकर दोन्ही संधिप्रकाशांत. सांबर अंधार पडल्यावर. पिसोरी पार रात्रीची. रानडुक्कर खरं तर कुठल्याही वेळी चालवून घेतं, पण माणूस जवळ असला की रात्रपाळी घेतं. हे अगदी कप्पेबंद नाही, तास एकमेकांवर चढतात. किती चढतात ते मोजायची रीतही आहे. मार्टिन रिडआउट आणि मॅथ्यू लिंकी या दोघांनी २००९ साली ती मांडली, सुमात्रातल्या कॅमेऱ्यांची माहिती वापरून. दोन प्राण्यांच्या दिवसभराच्या हालचालींच्या रेषा एकमेकींवर ठेवायच्या आणि सामाईक क्षेत्र बघायचं. शून्य म्हणजे कधीच गाठ नाही, एक म्हणजे वेळापत्रक तंतोतंत सारखं. मला हे इतकं आवडलं की माझा प्रोग्रॅम दुरुस्त करून मी भेकर आणि डुकराचा आकडा काढला. एका बांधावरच्या एका कॅमेऱ्याने काहीही सिद्ध होत नाही, म्हणून तो इथे सांगत नाही. पण भेकर पुन्हा साडेसहाला आलं.

आता मला जे सांगायचं आहे ते. जागा कमी झाली की ती दिसते. झाड तुटलं, भिंत आली, रस्ता रुंद झाला, फोटो काढता येतो. वेळ कमी झालेली दिसत नाही. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला, सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांवरचा. माणूस जवळ असला की प्राण्यांचं रात्रीचं हिंडणं सरासरी १.३६ पट होतं. म्हणजे जो प्राणी निम्मा दिवसा आणि निम्मा रात्री हिंडायचा, तो ६८ टक्के रात्री हिंडायला लागतो. मग त्यासाठी शिकार व्हावीच लागते असं नाही. नुसतं चालायला जाणारी माणसंही पुरतात. तुमच्या-माझ्यासारखी.

येऊरमध्ये या रात्रीत आधीच कोणीतरी आहे. २०१५ च्या कॅमेरा सर्वेक्षणात उद्यानात ३५ बिबटे नोंदले गेले. बिबट्याची पाळी रात्रीची. म्हणजे माणूस टाळायला जे चितळ उशिरा बाहेर पडेल, ते थेट त्याच्या तासात येणार. आणि जी वाटणी पोटाने, चढाने, घड्याळाने बसली होती, ती सगळी त्या उरलेल्या रात्रीत कोंबली जाणार. संध्याकाळी ६.१० ची गाडी रद्द झाल्यावर ठाण्याच्या फलाटावर काय होतं ते आठवा.

एका बुद्धपौर्णिमेला मी येऊरच्या मचाणावर बसले होते. वनखात्याची पाणवठ्यावरची गणना असते, बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही, मळकट रंगाचे कपडे घालायचे. ऊन उतरता उतरता चितळं आली, दहा-बारा, पाणी पिऊन गेली. अंधार पडल्यावर झाडीच्या कडेला एक सांबर येऊन उभं राहिलं. पुढे आलं नाही, नुसतं उभं. तेवढ्यात खालून कुठूनतरी डीजे सुरू झाला. मी सांबराकडे बघत होते आणि एका क्षणी ते तिथे नव्हतं. गाणी साधारण साडेबारापर्यंत चालली. सांबर आलं अडीचनंतर, सोबत पिल्लू. पाणी प्यायला सात-आठ मिनिटं. मग डोंगरात वर कुठेतरी भोंगा वाजावा तसा एकच आवाज झाला, दुसऱ्या सांबराची इशारत, आणि दोघंही गेली. डीजे नसता तर ती नऊलाच पिऊन गेली असती का? मला माहीत नाही. पण त्या रात्री मला डीजेवाल्याचा राग आला आणि घरी येईपर्यंत तो उतरला, कारण मला आमच्या सोसायटीचे दिवे आठवले.

मी घोडबंदर रोडला राहते. आमच्या इमारतीची मागची भिंत डोंगराकडे. काही वर्षांपूर्वी सीसीटीव्हीत त्या भिंतीवर बिबट्या दिसला. लहान मुलं खाली खेळतात, सगळे घाबरले, मीही घाबरले, माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आठवड्याच्या आत मागे सहा फ्लडलाइट लागले, तोंड डोंगराकडे, संध्याकाळी सात ते सकाळी सहा. तेव्हाची सेक्रेटरी मीच. सर्क्युलर मी लिहिलं, सही माझी.

मचाणावरून आल्यावर मी कमिटीत विषय काढला. दिवे काढा असं म्हटलं नाही, खाली वळवा आणि अकरानंतर निम्मे बंद करा एवढंच म्हटलं. पडलो आम्ही, चौदा विरुद्ध पाच. एका काकूंनी विचारलं, "तुला सांबराची काळजी, आमच्या नातवाची नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. उजेडाने बिबट्या येत नाही असं नाही, कचरा आणि कुत्री असतील तर तो उजेडातही येतो, हे मी सांगितलं. पण घाबरलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटत नाही, हे मला स्वतःवरून माहीत आहे. म्हणून पुढच्या वेळी आधी कचऱ्याचा डबा झाकणाचा आणला, मागचं वाढलेलं गवत काढलं, मग पुन्हा विषय मांडला. आता तीन महिन्यांच्या बोलीवर दिवे खाली वळवले आहेत आणि अकरानंतर चार बंद असतात. भिंतीच्या आत मी एक कॅमेरा लावला आहे. आतापर्यंत मांजरं, आमचा वॉचमन आणि एकदा रानडुक्कर, पहाटे ३.४०. ही वेळ मी दोनदा तपासली आहे.

ऑगस्टमध्ये सर्वसाधारण सभा आहे, तेव्हा कायमचं ठरेल. आपल्या तुकडीतले सहाजण त्याच डोंगराला पाठ लावून राहतात, यादी बघितली मी. चौघांच्या इमारतींचे दिवे मला माझ्या गच्चीतून दिसतात. जेवणाच्या वेळी भेटा, मी त्या खिडकीपाशी बसते आहे. आणि बाई, तुम्हीही या, ठाकर काकांनी तुमच्यासाठी करवंदं पाठवली आहेत.