शेतीचा शोध आणि सातबाऱ्यावरचं नाव

(कोल्हापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या शिबिरांत एक वाक्य हमखास येतं – ‘शेतीचा शोध बाईनं लावला.’ मीही ते अनेकदा ठासून म्हटलंय. आज त्याच वाक्याची आपण उलटतपासणी करू या. समोरचा माणूस ती करणारच आहे, मग आधी आपणच केलेली बरी.

हे वाक्य आलं कुठून? गॉर्डन चाइल्डनं नवाश्मयुगातल्या शेतीचं श्रेय स्त्रियांना दिलं. देवीप्रसाद चट्टोपाध्यायांनी १९५९ साली ‘लोकायत’मध्ये तशीच मांडणी केली. आपल्याकडे शरद पाटलांनी स्त्रीसत्तेचा विचार पुढे नेला. तर्क असा : पुरुष शिकारीला जात, बायका कंदमुळं आणि बिया गोळा करत, तेव्हा सांडलेलं बी उगवतं हे आधी बाईच्याच ध्यानात आलं असणार. तर्क पटण्यासारखा आहे. पण उत्खननात सापडलेला जळका दाणा कुणाच्या हातानं पेरला, हे तो दाणा सांगत नाही.

मग उत्खनन काय सांगतं? आपल्या पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचं उत्खनन १९४५-४६ साली झालं. तिथल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात तुम्ही पाहिल्या असतील. ती वस्ती सातवाहनकाळातली, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. शेतीची सुरुवात पाहायला त्याच्याही पुष्कळ मागे जावं लागतं. इथून आग्नेयेला, कर्नाटकात बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या टेकड्यांवर नवाश्मयुगीन लोक राहत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ते बारीक भरडधान्यं, मूग आणि हुलगा पिकवत होते. आपण ज्याचं माडगं करतो तोच हा हुलगा! तिथे दळायचे दगडही सापडले आहेत.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी अनेक वर्षं तिथे खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. तांबं माहीत झालेलं, पण रोजची हत्यारं अजून दगडाचीच. मुख्य पीक जव. घरांत चुली, धान्य साठवायची पेवं. एक पाच खोल्यांचं घर आहे आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ते गावप्रमुखाचं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. धान्य साठायला लागलं, की त्याचा ताबा कुणाकडे हा प्रश्न आलाच. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं आहेत – दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आत मूल. अशी दफनं पुष्कळ आहेत. किती बाळंतपणं आणि किती दुःखं त्या बायकांनी सोसली असतील!

याच इनामगावात मातीच्या डबीत जपून ठेवलेली स्त्रीमूर्ती मिळाली. तिला डोकं नाही. तिच्यासोबत दुसरी मूर्ती आणि बैल. ही मातृदेवता असावी, असं मानतात. पण देवी पुजली म्हणून बाईचं राज्य होतं, असं म्हणता येतं का? आपण तर अंबाबाईच्या गावात राहतो. आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको.

मग हाती काय उरलं? हाडं उरली. सीरियात अबू हुरेरा नावाचं फार जुनं शेतकरी गाव होतं. धरणाच्या पाण्यात जाण्याआधी १९७२-७३ साली तिथे घाईनं उत्खनन झालं. तिथले सांगाडे थेया मॉलसन या संशोधक बाईंनी तपासले आणि १९९४ साली निष्कर्ष मांडले. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर खुणा, पाठीचा मणका दुखावलेला. गुडघे टेकून, पाट्यासारख्या दगडावर तासन्‌तास दळल्याच्या या खुणा, आणि त्या मुख्यतः बायकांच्या हाडांवर. २०१७ साली मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन स्त्रियांच्या दंडाच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती हाडं आजच्या पट्टीच्या नाव वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींपेक्षाही दणकट निघाली. ही हाडं परदेशातली आहेत, ती जशीच्या तशी इनामगावला चिकटवता येणार नाहीत. पण एवढं पक्कं, की शेतीच्या पहिल्या काळापासून बाईच्या श्रमाची नोंद तिच्या हाडांवर झालेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : हरवलेल्या स्त्रीराज्याच्या आधारावर आपण हक्क मागू नयेत. उद्या कुणी ते राज्य खोटं ठरवलं, तर आपला हक्क खोटा ठरत नाही. आपला आधार श्रमाचा आहे, आणि तो आजही डोळ्यांसमोर आहे. भांगलण कोण करतं? बी राखेत घोळून कोण ठेवतं? आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर १०० वहितीदारांमागे बायका सुमारे १४. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि तिच्या हातात साडी-चोळी ठेवली जाते. सही नाकारली तर माहेर तुटेल ही तिची भीती खरी आहे. तिला एकटीला सोडून चालणार नाही, गावातल्या गटानं तिच्यासोबत उभं राहायला हवं.

हाडांवरची नोंद कुणाला खोडता आली नाही. कागदावरची नोंद मात्र आपल्यालाच करून घ्यावी लागेल. घरी गेल्यावर प्रत्येकीनं आपला सातबारा काढून आपलं नाव कुठे आहे ते पाहावं – मालकाच्या रकान्यात, ‘इतर हक्कां’त, की कुठेच नाही. पुढच्या बैठकीला तो उतारा सोबत आणा. बोलणं तिथून पुढे सुरू करू.