वंशावळीतलं वचन



खांबच्या या मांडवात मी आज बायबलमधल्या वंशावळींबद्दल बोलणार आहे. वाचणारा जी पानं भराभर उलटतो, तीच ही पानं. ‘पहिला इतिहास’ या ग्रंथाचे आरंभीचे नऊ अध्याय तर जवळजवळ नुसती नावंच आहेत.

मला ही पानं उलगडली ती उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात. शेमपासून अब्राहामापर्यंत पिढ्या एका लयीत मोजल्या जातात आणि त्याची बायको साराय वांझ होती, या नोंदीपाशी ती लय अडखळते. वंश तिथेच खुंटायचा. पण पुढच्याच अध्यायात देव या निपुत्रिकाला मोठं राष्ट्र करण्याचं वचन देतो. त्यापुढच्या यादीतलं एकेक नाव मी त्या वचनाची पोच म्हणून वाचतो. दाविदाचं राज्य बुडालं, त्याच्या वंशातला यखन्या राजा बाबेलात कैद झाला, तरी इतिहासकार त्याच्या मुलानातवांची नावं लिहीत राहतो. सिंहासन उरलं नव्हतं, पण दाविदाच्या घराण्याला दिलेला शब्द त्याच्या लेखी उभा होता.

हे इथे बोलण्याचं कारण आपल्याच मातीत आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर ही आडनावं बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचीही आहेत. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. पुढे ते तेलाचा घाणा चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. वंशाचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. मुलाची सुंता मात्र आठव्या दिवशीच होत होती. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण म्हणून सांगितलेली तीच ही सुंता. इतक्या पिढ्या, कुणी विचारायला नसताना, आईबापांनी तो दिवस चुकू दिला नाही. याहून मोठी वंशावळ मला ठाऊक नाही.

मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या सॅम्युएल इझिकेलना लोक सामाजी हसाजी दिवेकर म्हणत. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. हिब्रू नावाला आपला ‘जी’ लागला, तरी आतला शमुवेल आणि यहेज्केल बुजला नाही.

आणि याच बेने इस्रायलांना इस्रायलमध्ये गेल्यावर वंशाचा पुरावा मागितला गेला. १९६२मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं त्यांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. कोकणातून गेलेली कुटुंबं रस्त्यावर उतरली. १९६४मध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ते सर्वार्थानं यहुदी असल्याचा ठराव केला.

चौकशीलाही शास्त्राचा आधार होता, हे मी लपवणार नाही. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात, बंदिवासातून परतलेल्या ज्या याजकांना वंशावळीत आपली नावं सापडली नाहीत, त्यांना याजकपण नाकारलं गेलं. पण त्याच बायबलात रूथ आहे. ती मवाबी, परक्या रक्ताची, नि तिचंच पुस्तक संपतं ते पेरेसपासून दाविदापर्यंतच्या दहा पिढ्यांवर. त्यात तिचा मुलगा ओबेद आहे. मत्तयानं येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको यांना आवर्जून आणलं. रक्त निर्भेळ दाखवायचं असतं, तर ही चार नावं त्यानं गाळली असती. माझा कौल रूथच्या बाजूनं आहे.

अलिबागच्या सिनेगॉगचं नाव मागेन अबोथ, म्हणजे पूर्वजांची ढाल. ती सांभाळायला आता माणसं थोडी उरली आहेत. म्हणून पेण-रोह्याच्या लिहित्या हातांना माझी एक विनंती आहे. आपल्या भागातल्या बेने इस्रायल कबरस्तानांत जा. दगडांवर हिब्रूसोबत मराठी अक्षरं दिसतील. समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन, ती नावं वहीत उतरवून घ्या. बापाचं नाव आणि गाव सोडू नका. आईचं दिसलं तर तेही घ्या. पावसात शेवाळ चढतं, तेव्हा हे काम मेअखेर व्हायला हवं.