माळ्यावरची फ्लॉपी

गाव विंझर असो की वेल्हे, जुन्या कपाटात किंवा माळ्यावर संगणकाची माहिती साठवायची एखादी काळी चौकोनी फ्लॉपी सापडतेच. घाईने भंगारात टाकू नका.

वाकणारी, सव्वापाच इंची असेल, तर ती १९७६ नंतरची फ्लॉपी. मधल्या भोकाभोवती जाडसर कडी दिसली, तर बहुधा ३६० किलोबाइटची. कडी नसेल, तर बहुधा १.२ मेगाबाइटची. कडक प्लॅस्टिकची साडेतीन इंची असेल, तर कोपरे बघा. एकच चौकोनी भोक म्हणजे ७२० किलोबाइट, दोन असतील तर १.४४ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तीत मावायचा नाही! पण पगारपत्रकं, पत्रं, हिशेब यांचं काम तिच्यावर निभायचं. गाण्याच्या कॅसेटपेक्षा लहान, ‘डीडीएस’ लिहिलेली टेप मात्र गाण्यांची नव्हे. तिच्यावर सर्व्हरच्या माहितीची प्रत ठेवत.

याही आधी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारेत ओवलेली एक कडी, एक बिट. असा तुकडा हाती लागला, तर तो संग्रहालयात शोभेल.

पुन्हा फ्लॉपीकडे वळू. मावळातल्या पावसात तिच्यावर बुरशी धरते. आतल्या चकतीवर पांढरे ठिपके दिसले, तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही हातची जाते.